चाळशी

चष्म्याला मराठीत जे घरगुती नाव आहे ते वयावरून पडलेले आहे. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास जी लागते ती चाळशी. नजर मंदावण्यालाही चाळशीच म्हणावयाचे आणि ती नजर सावरण्यासाठी नाकावर जे चढवावयाचे त्यालाही चाळशीच म्हणावयाचे, अशी या शब्दाची दुहेरी वहिवाट आहे. शेजारच्या भाषांनी असे वय काढले नाही. फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा, त्यावरून चष्मा. अरबीत ‘ऐन’ म्हणजे डोळा, त्यावरून ऐनक. कानडीत ‘कन्नडी’ म्हणजे आरसा, त्यावरून कन्नडक. आणि आपल्या पंडितांनी घडविलेला सोवळा शब्द उपनेत्र. आमचे मुरूम हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे उपनेत्र तेवढे सोडले तर बाकीची चारही नावे मी लहानपणी एकाच गल्लीत ऐकली आहेत. रस्त्यावर जो तांबडा मुरूम पसरतात त्याचेच नाव आमच्या गावालाही आहे. पावसाळा सोडला तर त्याची धूळ बाराही महिने आमच्या डोळ्यांत असते, आणि डोळ्यांचा विषय निघाला की आमच्याकडे कुणी गप्प बसत नाही.

चाळशी हे नाव ज्याने कुणी पाडले त्याचा हिशेब पक्का होता. डोळ्याच्या बाहुलीमागे एक लवचीक भिंग असते. जवळचे पाहताना ते फुगते, लांबचे पाहताना चपटे होते, आणि हे काम ते आपल्या नकळत दिवसभर करीत असते. वय वाढते तसे ते ताठर होत जाते. हॉलंडमधील उट्रेख्ट शहरी डाँडर्स नावाचे एक नेत्रवैद्य होऊन गेले. त्यांनी १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या ताठरपणाचा वयवार आढावा घेतला आहे. दहा वर्षांच्या पोराला सुमारे ७ सेंटिमीटरवरचे, म्हणजे जवळजवळ नाकाला टेकलेले, अक्षरही स्वच्छ दिसते. चाळिशीत ते अंतर २२ सेंटिमीटरच्या घरात जाते, पन्नाशीत ४० आणि साठीत मीटरभर. माणसाचा हात काही वयाबरोबर लांब होत नाही. तेव्हा पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे हात आणि डोळा यांचे जमेनासे होते, आणि दुकानदार वहीचे पान उजेडात धरून मान मागे घेऊ लागतो.

मी जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिक झालेली बाई. गावातल्या एका लहान शाळेत मुलांना शिकविते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. म्हणजे दिवसरात्र अक्षरांशीच गाठ. मला लांबचे न दिसण्याचा चष्मा बाराव्या वर्षापासून आहे, आणि आता पंचेचाळिशीत त्यावर चाळशी येऊन बसली आहे. ज्याला लांबचे दिसत नाही त्याला चाळशी आली की एक मजेदार प्रकार होतो : वाचायचे असेल तेव्हा तो चष्मा लावीत नाही, काढतो. वर्गात फळ्याकडे पाहताना माझा चष्मा नाकावर असतो, हजेरी घेताना कपाळावर. दुहेरी भिंगाची युक्ती बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ सालच्या एका पत्रात वर्णिली आहे. दोन चष्मे सारखे बदलण्याचा कंटाळा आला म्हणून त्याने दोन्ही भिंगे कापून अर्धी अर्धी जोडून घेतली होती. तसला चष्मा मी करून पाहिला. पण जिन्याच्या पायऱ्या त्यातून तरंगताना दिसू लागल्या, म्हणून कपाळच बरे असे ठरविले. मुलांनी त्यावरून मला एक नाव पाडले आहे. ते येथे सांगत नाही.

या कपाळावरच्या चष्म्याने मला इतिहासात नेले. चष्म्याचा जन्म इटलीत झाला. १३०६ साली फ्लॉरेन्स शहरी जिओर्दानो दा पिसा नावाच्या एका धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितले की ही विद्या सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत, आणि ज्याने ती शोधली त्याला आपण पाहिले आहे, त्याच्याशी बोललोही आहोत. माणसाचे नाव मात्र त्याने सांगितले नाही, आणि सातशेहून अधिक वर्षे झाली तरी ते जगाला ठाऊक नाही. एवढे खरे की हा पहिला चष्मा फुगीर भिंगांचा, म्हणजे चाळशीचाच होता. तो मठांत राहणाऱ्या, पोथ्या नकलणाऱ्या आणि पोथ्या वाचणाऱ्या माणसांसाठी होता. चाळिशी उलटल्यावर ज्या नकलनविसाची विद्या शाबूत आणि नजर गेलेली, त्याला या दोन काचांनी आणखी वीस वर्षांचे आयुष्य दिले.

चष्म्याचे आणि विद्येचे हे लग्न किती लवकर लागले याचा पुरावा त्रेव्हिझो गावच्या एका भित्तिचित्रात आहे. १३५२ साली तोमासो दा मोदेना या चित्रकाराने तेथे डोमिनिकन पंथातल्या थोर पुरुषांची चित्रे काढली. त्यांत सँ-शेरचा ह्यूग नावाचा कार्डिनल नाकावर चष्मा ठेवून लिहीत बसला आहे. चष्मा दाखविणारे हे सर्वांत जुने चित्र समजतात. गंमत अशी की हा कार्डिनल १२६३ सालीच वारला होता, म्हणजे चष्म्याचा शोध लागण्याच्याही वीसएक वर्षे आधी! पण चित्रकाराला विद्वान माणूस दाखवायचा होता, आणि चष्म्यावाचून विद्वान त्याला सुचेना. शोध लागून सत्तर वर्षेही झाली नव्हती, तोवर ही समजूत इतकी रुजली होती.

ज्यांना लांबचे दिसत नाही अशांना मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. त्यांच्यासाठी लागणारे खोलगट भिंग पंधराव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे दीडशे वर्षांनी आले. खोलगट काच घासणे अवघड होते हे एक कारण सांगतात. मला वाटते, दुसरेही एक कारण असावे. जवळचे न दिसणारा माणूस पैसेवाला, पदावरचा, वयाने मोठा. त्याची अडचण साऱ्यांना दिसे. लांबचे न दिसणारे पोर, त्याला शाळेत ढ आणि शेतावर आळशी म्हणून मोकळे होत असत. भिंगाने नजर का सुधरते हे तर आणखी उशिरा कळले. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र उमटते आणि ते पडद्याच्या अलीकडे वा पलीकडे पडले तर धूसर दिसते, हे योहान केप्लरने १६०४ साली उलगडून दाखविले. तोवर तीनशे वर्षे लोक कारण न कळताच चष्मा लावीत होते. औषधाचेही असेच असते; असो.

आपल्याकडे चष्मा केव्हा आला? या प्रश्नाचा पाठपुरावा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी केला. राजेरजवाड्यांच्या लढाया सोडून नित्याच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास जुन्या पोथ्यांतून शोधीत बसणारा हा मुलखावेगळा संशोधक होता. त्यांनी पुढे आणलेला उल्लेख विजयनगरचा आहे. कृष्णदेवरायाला गुरुस्थानी असलेले माध्व संन्यासी व्यासतीर्थ यांचे संस्कृत चरित्र सोमनाथ कवीने लिहिले, आणि त्यात स्वामी डोळ्यांना काचगोल लावून ग्रंथ वाचीत असल्याचे वर्णन येते. व्यासतीर्थ १५३९ साली समाधिस्थ झाले. गोव्यात पोर्तुगीज आले ते १५१० साली, आणि विजयनगरशी त्यांची घोड्यांची देवघेव होती. घोड्यांबरोबर काचाही आल्या असाव्यात. इटलीत जो पहिला चष्मेवाला चित्रात दिसतो तो धर्मपुरुष, आणि आपल्याकडे जो पोथीत दिसतो तोही धर्मपुरुषच. दोघांपुढेही ग्रंथ उघडा आहे.

दुसरा उल्लेख मला फार आवडतो, कारण तो चष्मा नसण्याचा आहे. जेमेली कारेरी नावाचा इटलीतला एक वकील जगप्रवासाला निघाला होता. तो १६९५ साली कृष्णेकाठी गलगले येथे औरंगजेबाच्या छावणीत येऊन पोहोचला. संभाजी महाराजांना मारून सहा वर्षे झाली होती, राजाराम महाराज जिंजीत होते, आणि दक्षिण जिंकावयास आलेला बादशहा दक्षिणेतच म्हातारा होत होता. कारेरीने दरबारात जे पाहिले ते लिहून ठेवले : पांढरी दाढी, वाकलेली पाठ, हातात काठी, आणि एवढ्या वयाचा हा माणूस लोकांचे अर्ज घेऊन त्यांवर स्वतःच्या हाताने, चष्म्याशिवाय शेरे लिहीत होता. औरंगजेबाला तेव्हा शहात्तर वर्षे पुरी झाली होती.

कारेरीला याचे आश्चर्य वाटले, म्हणजे त्या वयाच्या लिहित्या माणसाच्या नाकावर चष्मा असणे त्याला गृहीत होते. शहात्तराव्या वर्षी चष्म्याविना वाचता कसे येत असेल? डाँडर्सच्या हिशेबात हे बसत नाही. माझा आपला एक तर्क आहे, तो कपाळावरच्या चष्म्यातून निघालेला. बादशहाला लांबचे थोडे कमी दिसत असावे. अशा माणसाला जवळचे वाचायला जन्मभर काच लागत नाही. किंवा दुसरे असे होते की मोतीबिंदूची सुरुवात होताना डोळ्यातले भिंग दाट होते आणि काही काळ म्हाताऱ्या माणसाला जवळचे एकाएकी स्वच्छ दिसू लागते. चाळशी फेकून देऊन ‘आजोबांना नवी नजर आली’ म्हणून घरचे लोक पेढे वाटतात, आणि दोन-तीन वर्षांत आजोबांच्या डोळ्यांवर सारा ढगच उतरतो. यांतले खरे काय ते सांगणारा आता कुणी नाही. पण आपल्या मुलखाची धूळधाण करणाऱ्या त्या हुकमांवरची अक्षरे लिहिताना त्याला काचेची गरज पडली नाही, हे वाचताना मन कसेसेच होते.

पुढे इंग्रजी राज्यात चष्मा बाजारात आला. काचेपेक्षा स्फटिकाची भिंगे थंड आणि टिकाऊ म्हणून नावाजली जात. त्यांना ‘पेबल’ म्हणत, आणि पेबलचा चष्मा असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. शाळा-कॉलेजे निघाली तसा चष्मा तरुणांच्या नाकावरही आला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची दृष्टी विद्यार्थिदशेतच अतिवाचनाने अधू झाली, असे त्यांच्याविषयी सांगतात. त्यांना वाचून दाखविण्याचे काम पुढे रमाबाई करीत. ज्या काळी बाईने पुस्तक हातात धरणे हेच घरातल्या बायकांना खपत नसे, त्या काळी नवऱ्याच्या थकलेल्या डोळ्यांसाठी बायको वाचीत होती. रमाबाईंच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्या वाचताना मला नेहमी वाटते की चष्म्याच्या इतिहासात या वाचून दाखविणाऱ्यांनाही एक जागा असावी.

आमच्या मुरुमात हा इतिहास फारच हळू आला. जुन्या माणसांच्या सांगण्यावरून निजामाच्या काळी गावात चष्मे मोजून होते : पटवाऱ्याचा, मास्तरांचा, एका मोठ्या आडत दुकानदाराचा आणि मठात पोथी सांगणाऱ्या स्वामींचा. मास्तर उर्दू शिकवीत, पटवारी मोडी लिही, स्वामी कानडी वाचीत, दुकानदाराच्या वहीत मराठी आकडे. चष्मा मात्र चौघांचा एकच कामाचा. ज्याच्यापुढे कागद त्याच्या नाकावर काच. इटलीतल्या मठापासून मुरुमातल्या मठापर्यंत हा नियम मोडला नव्हता.

माझी आजी या नियमाच्या बाहेर राहिली. ती वाकळ शिवायची. आमच्याकडे जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ शिवतात. चारी कडांनी आत आत येत जाणारे तिचे टाके ज्याने पाहिले असतील त्याला शिवणाऱ्या बाईचा हात ओळखता येतो. आजीचा हात गावात ओळखला जाई. मी पाच-सहा वर्षांची असताना दुपारी ओसरीवर तिच्याजवळ बसायचे आणि माझे काम ठरलेले असायचे. ‘ये माय, एवढा दोरा घालून दे,’ असे ती म्हणे आणि सुई माझ्यापुढे धरी. सुईचे नेढे मला ढळढळीत दिसे, तिला ते कित्येक वर्षांत दिसलेले नव्हते. ती बोटांनी टाके मोजी. डाळीतले खडे ती हाताने चाचपून काढी आणि तरीही एखादा जेवताना दाताखाली आला की आजोबा ताट सरकवीत. आजोबांना स्वतःला चाळशी होती, पितळी काड्यांची. ते तिच्यातून पोथी वाचीत.

एकदा माझ्या आत्याने म्हटले, ‘आईलाही एक चष्मा आणा की.’ त्यावर आजोबा काही रागावले नाहीत. त्यांना खरोखरच नवल वाटले. ‘तिला कुठं पोथी वाचायचीय?’ असे ते म्हणाले. आणि अधिक नवलाची गोष्ट ही की आजीही हसली. तिलाही ते पटले होते. चष्मा ही वाचण्याची वस्तू, आपल्याला वाचता येत नाही, तेव्हा आपल्याला चष्म्याचे काय काम? ती गेली तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. चाळिशीपासून धरले तर तीस वर्षे तिने बोटांनी पाहिले. शेवटची वाकळ तिने अर्धी शिवून ठेवली होती, ती अजून आमच्या माळ्यावर आहे. तिच्यातल्या टाक्यांची ओळ मध्येच वाकडी होत जाते, ती मी कुणाला दाखवीत नाही.

आता माझ्या चष्म्याची गोष्ट. आमच्याकडे सालांची गणती भूकंपाच्या आधी आणि नंतर अशी करतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडे जे झाले त्यानंतर दुसरी गणती कुणाला सुचत नाही. तर भूकंपाच्या आदल्या वर्षी मला चष्मा लागला. तोवर फळा म्हणजे एक काळी भिंत आणि तिच्यावर पांढरा धूर, अशीच माझी कल्पना होती. सगळ्यांना तसेच दिसते असे मी धरून चालले होते. मी ऐकून शिकत असे. शेजारची मुलगी वहीत उतरवी, त्यावरून मी उतरवून घेई. एस. टी. ने सोलापूरला नेऊन डोळे तपासले. चष्मा लावून दवाखान्याच्या पायरीवर आले तो समोर विजेच्या तारेवर पक्षी बसलेले दिसले. माझा भाऊ अशा तारांवरचे पक्षी मोजायचा, आणि मला वाटे तो थापा मारतो. मी मोजले. अकरा होते.

डोळे तपासताना भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो, तो त्याच उट्रेख्ट शहरातल्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ साली तयार केला. ते डाँडर्सचेच सहकारी. त्या तक्त्यातले प्रत्येक अक्षर पाच चौकटी उंच आणि पाच चौकटी रुंद अशा जाळीत बसविलेले असते, आणि तो सहा मीटरवरून वाचावयाचा असतो. त्यावरूनच आपण ‘सहावर सहा’ म्हणतो. पण मला त्याचा भाऊबंद असलेला दुसरा तक्ता अधिक मोलाचा वाटतो. ज्यांना कुठलीच लिपी येत नाही त्यांच्यासाठी तो केलेला आहे. त्यात तीन दातांच्या फणीसारखी एकच खूण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तोंड करून छापलेली असते, आणि दात कोणीकडे आहेत ते माणसाने नुसते बोटाने दाखवावयाचे असते. नजर तपासायला अक्षर यावेच लागते असे नाही, हे ज्याला सुचले त्याचे आजीच्या वतीने मला आभार मानावेसे वाटतात.

माझ्या चष्म्याने अभ्यास सुधारला, पण घरात काळजी शिरली. मुलाला चष्मा लागला की लोक म्हणतात, पोरगा हुशार दिसतो. मुलीला लागला की म्हणतात, आता हिचे कसे व्हायचे? काच तीच, नाकच काय ते वेगळे. मला पाहायला जे लोक आले त्यांच्यापुढे मी चष्मा काढून जावे असे एका नातलग बाईंचे म्हणणे होते. आई म्हणाली, ‘चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात पडली म्हणजे?’ त्यामुळे मी चष्म्यासकट गेले. दोन स्थळे त्यापायी परत गेली. तिसऱ्या स्थळाच्या नाकावर स्वतःचाच जाड चष्मा होता, आणि आमचा संसार आता वीस वर्षांचा आहे.

हल्लीच्या मुलींना ही अडचण राहिली नाही, कारण काच नाकावरून थेट डोळ्यांत गेली आहे. कॉन्टॅक्ट लेन्स ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. झुरिकच्या फिक नावाच्या डॉक्टरांनी १८८८ साली डोळ्यावर बसणाऱ्या काचेच्या वाट्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर त्यांनी त्या लावून पाहिल्या. पण दोन तासांपलीकडे त्या सोसवत नसत. अमेरिकेत १९४८ साली ट्यूही यांनी बुबुळापुरती प्लॅस्टिकची लहान लेन्स केली, ती बरीच सुसह्य होती. मऊ लेन्स जगाला दिली ती मात्र प्राग शहरातल्या ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने. राजकीय कारणाने त्यांना विद्यापीठातून काढून टाकले होते, पुढे सरकारी प्रयोगशाळेतही या कामाला थारा मिळेना. मग १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच, स्वयंपाकघराच्या टेबलावर यंत्र उभारले. सुटे भाग मुलाच्या खेळण्यातले, वर सायकलचा डायनॅमो. त्या खेळण्यातून पहिल्या मऊ लेन्स उतरल्या. दहा वर्षांनी, १९७१ साली, अमेरिकेत त्यांच्या विक्रीला परवानगी मिळाली. सणाच्या सुट्टीत घरातल्या पुरुषाने टेबल अडवून बसल्याचा एवढा उपयोग झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

माझी पुतणी पुण्यात नोकरी करते आणि लेन्स लावते. दिवाळीला ती मुरुमात येते तेव्हा पहिल्याच दिवशी लेन्स डबीत जातात आणि चष्मा बाहेर येतो. आमच्याकडे नळाला पाणी येण्याचे दिवस ठरलेले, आणि लेन्सला नळाचे पाणी तर मुळीच चालत नाही. त्यातल्या सूक्ष्म जिवांनी डोळा कायमचा जाऊ शकतो. त्यात धूळ आहेच, आणि रास चालू असली की हवेत कोंडा. ‘काकू, तुमच्या गावाला लेन्स सोसत नाही,’ असे ती म्हणते. गावाला अजून चष्माच पुरता सोसलेला नाही, हे तिला कोण सांगणार?

मोतीबिंदूचे तेवढे नीट झाले, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत झाले. सुश्रुतसंहितेत सुईने डोळ्यातला गढूळ मणी बाजूला सारण्याची क्रिया सांगितली आहे. तीच पुढे शेकडो वर्षे फिरते वैदू गावोगाव करीत राहिले. कुणाला दिसू लागे, पुष्कळांचा डोळाच जाई. पॅरिसच्या दाव्हिएलने अठराव्या शतकाच्या मध्यावर तो मणी बाहेर काढण्याची रीत बसविली. पण डोळ्यातले भिंगच काढल्यावर बदली काच बाहेर लावावी लागे. शिबिरात जाऊन आलेल्या म्हाताऱ्यांचे ते सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे चष्मे माझ्या पिढीने पाहिले आहेत. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे कण घुसले, तरी डोळ्यांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली नाही, हे लंडनच्या हॅरल्ड रिडले यांनी हेरले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच पदार्थाचे भिंग माणसाच्या डोळ्यात बसविले. ते भिंग गरिबाला परवडेना, तेव्हा मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ पासून आपल्याच कारखान्यात ते करावयास घेतले आणि शंभर डॉलरची वस्तू दहा डॉलरच्या आसपास आणली. आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वर्षानुवर्षे हेच काम केले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या आईचे दोन्ही मोतीबिंदू निघाले, आणि घरी आल्यावर तिने पहिले काय केले असेल तर माझ्या स्वयंपाकघरातले डबे पुन्हा घासायला काढले.

मोतीबिंदूला शिबिरे झाली, शाळेतल्या मुलांना २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी आली. मुलांचे डोळे मात्र वेगाने बिघडत चालले आहेत. २०५० पर्यंत जगातल्या निम्म्या माणसांना लांबचे दिसेनासे होईल, असा अंदाज संशोधकांनी २०१६ साली मांडला. उपायही त्यांनी साधाच सांगितला आहे : मुलांनी दिवसाच्या उजेडात घराबाहेर खेळावे. टाळेबंदीच्या दोन वर्षांत मोबाइलवर शाळा भरली, आणि त्यानंतर माझ्या वर्गात डोळे बारीक करून फळ्याकडे बघणारी मुले वाढलेली मी रोज पाहते. मी त्यांना पुढच्या बाकावर आणते आणि आईबापांना निरोप धाडते.

पण चाळिशी उलटलेल्या, वाचता न येणाऱ्या माणसाचे काय? त्याची आठवण जगाला फार उशिरा झाली. आसामातल्या चहाच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या ७५१ मजुरांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. सारी माणसे चाळिशीच्या वरची, चष्मा कधीच न लावलेली, बहुतेक बायका. निम्म्यांना जवळच्या नजरेचे साधे चष्मे दिले, निम्म्यांना तेव्हा दिले नाहीत. ज्यांना दिले त्यांची खुडणी इतरांच्या मानाने २१.७ टक्क्यांनी वाढली. पुढे बांगलादेशातही असाच प्रयोग झाला, आणि चष्मा मिळालेल्यांची मिळकत इतरांपेक्षा तिसऱ्या हिश्शाने अधिक निघाली. यांतल्या कुणाला पोथी वाचायची नव्हती. पान कोवळे की जून, टाका सरळ की वाकडा, एवढेच पाहायचे होते. सातशे वर्षे काच कागदाच्या मागे मागे फिरत होती. हात काय काम करतो याकडे कुणी पाहिलेच नव्हते.

आमच्या बाजारात हल्ली तयार चष्म्यांचा एक गाडा लागतो. एक, दीड, दोन, अडीच अशा नंबरांच्या चिकट्या काचांवर लावलेल्या असतात, आणि किंमत शंभर-दीडशे रुपये. डॉक्टर म्हणतात की आधी डोळे तपासून घ्या, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेलच असे नाही, आणि काचबिंदूसारखे दुखणे अशा चष्म्याने कळत नाही. ते खरेच आहे. गाडीवाला गिऱ्हाइकाला नजर तपासायला वर्तमानपत्राचा तुकडा देत असे. मागच्या महिन्यात मी तेथे उभी होते. डोक्यावर पदर घेतलेल्या एका बाईने तो तुकडा त्याला परत केला आणि विचारले, ‘सुई हाय का?’ त्याच्याकडे नव्हती. पलीकडच्या कटलरीच्या गाडीवरून तिनेच सुई आणि दोरा मागून आणला. दीडचा लावून पाहिला, जमले नाही. दोनचा लावला, उजेडाकडे तोंड केले आणि दोरा पहिल्याच झटक्यात ओवला. तो काढून घेतला, पुन्हा ओवला. मग सुई गाडीवर ठेवून, चष्मा नाकावरून न काढताच, तिने किमतीची घासाघीस सुरू केली.